सप्टेंबरातलं कॅन्सस आणि ठासणीची बंदूक: शेतशिवारातल्या हरणाच्या शिकारीसाठी नवख्यांचं मार्गदर्शन

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला शिकारीची ओढ लागली की तो बहुतेक वेळा नोव्हेंबर-डिसेंबरच्या रायफल सीझनची वाट बघतो. माझं मत वेगळं आहे. कॅन्ससमध्ये राहत असाल, तर सुरुवात सप्टेंबरच्या मझललोडर सीझनने करावी. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी वेगवेगळी भरायची, एकच बार काढायचा, पुन्हा भरायला मिनिटभर घालवायचं, असं हे हत्यार आहे. कोकणात ज्याला ठासणीची बंदूक म्हणतात त्याच कुळातलं, फक्त दीडशे वर्षांनी सुधारलेलं. एकच बार असल्यामुळे माणूस घाई करत नाही, आणि घाई न करणं ही नवख्याची अर्धी तयारी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेतल्या कायदेशीर सीझनबद्दल आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावर बंदूक मिळते, पण तिने पिकात आलेलं भेकर किंवा सांबर मारण्याची मुभा मिळत नाही. इथली सवय तिकडे नेऊ नका.

सीझन आणि कागदपत्रं

कॅन्ससचा मझललोडर सीझन सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि दोन आठवडे चालतो. 2024 साली तो 16 ते 29 सप्टेंबर होता. धनुष्यबाणाचा सीझनही तेव्हाच उघडतो. रोज सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच शिकारीची वेळ. दर वर्षीच्या तारखा आणि नियम कॅन्सस डिपार्टमेंट ऑफ वाइल्डलाइफ अँड पार्क्स जाहीर करतं. ती पुस्तिका दर वर्षी नव्याने वाचा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

कागद तीन लागतात. 1 जुलै 1957 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांनाच. त्यानंतर हंटिंग लायसन्स. आणि त्यावर वेगळं डिअर परमिट. राज्याचे रहिवासी असाल तर व्हाइटटेलचं, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं, परमिट सरळ विकत मिळतं. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना एप्रिलमध्येच अर्ज करून सोडतीत नंबर लागावा लागतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये जागे झालात तर तो सीझन गेला. पश्चिम कॅन्ससमध्ये म्यूल डिअर असतात, त्यांच्यासाठी परमिटचा प्रकार वेगळा. पहिल्या वर्षी व्हाइटटेलवरच थांबा.

व्हिसाबद्दल आपल्या लोकांत बराच गोंधळ आहे. एच-1बी, एफ-1, एल-1 अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्या मनाईला काही अपवाद आहेत, आणि कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असणं हा त्यांतला एक. मझललोडर त्या कायद्यातल्या बंदुकीच्या व्याख्येतून बहुधा बाहेर राहतो, कारण जो फक्त तोंडातून भरला जातो, काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालतो आणि ज्यात तयार काडतूस बसत नाही, तो संघीय कायद्यात 'अँटिक' गणला जातो. पण नळी बदलून ज्याची रायफल करता येते, अशी मॉडेलं बाजारात आहेत आणि ती या सवलतीत बसत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी लायसन्स हातात घ्या, मगच बंदुकीला हात लावा. मित्राची बंदूक रेंजवर दोन मिनिटं धरणं हेही बाळगणंच ठरू शकतं. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, बंदुकीच्या दुकानातल्या माणसाला नको.

हत्यार

नवख्याने 50 कॅलिबरचा, म्हणजे अर्धा इंच छिद्राच्या नळीचा, इन-लाइन मझललोडर घ्यावा. चापाच्या सरळ रेषेत मागे ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, त्यात 209 नंबरची प्रायमर टोपी, समोर दारू आणि गोळी. जुन्या धाटणीचे गारगोटीचे किंवा घोड्याखाली टोपी बसवायचे मझललोडर दिसायला सुरेख असतात, पण पहिल्या वर्षी शिकायच्या गोष्टी आधीच भरपूर असतात. कॅन्ससमध्ये हरणासाठी किमान 40 कॅलिबर लागतं आणि वर दुर्बीण लावलेली चालते. शेजारच्या कोलोरॅडोत तेच हत्यार घेऊन गेलात तर दुर्बीण काढावी लागेल, सॅबो (गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच) आणि दारूच्या तयार वड्याही चालणार नाहीत. सीमेपलीकडे मित्र असले तर हे ध्यानात ठेवा.

दारू म्हणजे काळी दारू किंवा तिचे पर्याय: पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न 209. हे तिन्ही पर्याय हॉजडन कंपनीचे, आणि ती कंपनी कॅन्ससमधल्याच शॉनी गावची. आधुनिक रायफलमध्ये वापरतात ती धूररहित दारू मझललोडरमध्ये कधीही घालायची नाही. चिमूटभरसुद्धा नाही. नळी फुटते आणि तिच्यासोबत हात आणि डोळे जातात. घरात दोन्ही प्रकार असतील तर वेगवेगळ्या कपाटांत ठेवा.

माप घनफळाने घेतात, आणि त्याला 'ग्रेन' म्हणतात. 100 ग्रेन दारू आणि सॅबोत बसवलेली 250 ग्रेनची गोळी हे मिश्रण हरणाला पुरून उरतं. बंदुकीच्या पुस्तिकेत दिलेली कमाल मर्यादा हीच शेवटची मर्यादा. दीडशे ग्रेन भरून धक्का खाण्यात काही पराक्रम नाही. ट्रिपल सेव्हन काळ्या दारूपेक्षा जास्त जोरकस असते, त्यामुळे एका दारूचं माप दुसरीला आंधळेपणाने लावू नका. वड्या सोयीच्या असतात, 50 ग्रेनच्या दोन टाकल्या की झालं. सुट्या दारूने नेम जास्त एकसारखा बसतो, असं माझं मत.

विमानाने येणाऱ्यांसाठी: दारू आणि प्रायमर विमानात नेता येत नाहीत, हातातही नाही आणि चेक-इन सामानातही नाही. बंदूक कुलूपबंद पेटीत आणता येते, बाकीचं इथे येऊन विकत घ्या. आणि नेमक्या तुमच्या दारूचा डबा दुकानात असेल असं गृहीत धरू नका, आधी फोन करा.

भरण्याची पद्धत

इथे घाई चालत नाही. सुरुवातीला नळी रिकामी आहे की नाही हे बघायचं. त्यासाठी गज, म्हणजे ठासायचा दांडा, आत सोडतात. रिकाम्या नळीत गज जिथपर्यंत जातो तिथे एक खूण, आणि ठरलेली दारू आणि गोळी भरल्यावर जिथे थांबतो तिथे दुसरी खूण करून ठेवा. या दोन खुणा पुढच्या आयुष्यभर उपयोगी पडतात. दारू दोनदा पडली, गोळी अर्ध्यात अडकली, दारूच घालायची राहिली, हे सगळं खूण सांगते.

मग कोरड्या फडक्याने नळीतलं तेल पुसा आणि नुसत्या एक-दोन टोप्या उडवा, म्हणजे ब्रीच प्लगच्या छिद्रातलं तेल जळून वाट मोकळी होते. हे काम घराजवळ किंवा मोकळ्या मातीवर उरका. सप्टेंबरात गव्हाचं सड वाळलेलं असतं, ठिणगी पडून पेटायला वेळ लागत नाही.

दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. नळीत एखादा निखारा राहिला असेल तर अख्खा डबा हातात पेटतो. दारू आधी मापात घ्यायची आणि मापातून नळीत ओतायची, तोंड बाजूला ठेवून. त्यावर सॅबोसकट गोळी बसवा, आधी छोट्या दांड्याने दोन इंच आत, मग गजाने एकाच सरळ दाबाने खाली. गज आपटू नका, गोळी विद्रूप होते. दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी दारूवर टेकली. मधे पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा धोका असतो.

टोपी सगळ्यात शेवटी, आणि तीही बसण्याच्या जागी पोहोचल्यावर. गाडीत, कुंपण ओलांडताना, मचाणावर चढताना टोपी खिशात राहिली पाहिजे.

चाप ओढला आणि बार उडाला नाही तर बंदूक त्याच दिशेने निदान एक मिनिट धरून ठेवा. कधी कधी दारू उशिरा पेटते. तोवर टोपी काढायला जाऊ नका आणि नळीत डोकावायचं तर नावच नको.

नेम ऑगस्टमध्ये लावा. शंभर यार्डांवर गोळी मध्यावर पडेल असं जमवा. प्रत्येक बारानंतर ओलसर फडकं, मग कोरडं फडकं नळीतून फिरवा, नाहीतर तिसरी-चौथी गोळी अर्ध्यात अडते. शिकारीतला बार स्वच्छ, थंड नळीतूनच जाणार आहे, म्हणून तुमचा खरा नेम म्हणजे दिवसाचा पहिला बार. चार वेगवेगळ्या दिवशी एकेक बार टाकून काय दिसतं ते बघा. आणि टेबलावर झाला की काठीच्या टेकूवर, बसून, सराव करा, कारण शेतात टेबल मिळत नाही.

शंभर यार्ड ही मी नवख्याला घालून देतो ती मर्यादा. ही गोळी जड आणि बोथट असते, शंभरपुढे झपाट्याने खाली येते आणि वाऱ्याने सरकते, आणि कॅन्ससमध्ये वारा नसलेली संध्याकाळ विरळा. दुकानात दोनशे, अडीचशे यार्डांच्या गोष्टी ऐकू येतील. ऐकून घ्या.

जमीन कुठली आणि परवानगी कशी

कॅन्ससची जवळजवळ सगळी जमीन खाजगी आहे. तरी नवख्याला दोन वाटा आहेत. पहिली, सरकारी वॉक-इन हंटिंग ॲक्सेस, ज्याला इथे विहा म्हणतात. 1995 पासून राज्य शेतकऱ्यांकडून जमीन भाड्याने घेऊन ती शिकाऱ्यांसाठी खुली करतं. पाट्या आणि नकाशे असतात, वेगळी परवानगी लागत नाही, पायी जायचं. काही तुकडे सप्टेंबरात खुले असतात, काही नोव्हेंबरपासून. पाटीवरची तारीख वाचूनच आत शिरा.

दुसरी वाट म्हणजे शेतकऱ्याचं दार. नकाशाच्या ॲपवर मालकाचं नाव दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये जा, सुगीच्या धांदलीत नको. संध्याकाळी सहाच्या जेवणाच्या वेळेला नको, रविवारी सकाळी नको. शिकारीचे रंगीबेरंगी छापाचे कपडे घालून जाऊ नका, साधे कपडे आणि एकटं किंवा फार तर एक सोबती. गाडी अंगणात दिसेल अशी लावा, नाव सांगा, कुठे राहता, काय काम करता ते सांगा. आपला चेहरा आणि उच्चार त्यांना नवा असतो, पण शेतीबद्दल दोन खरे प्रश्न विचारलेत की बोलणं सुरू होतं. मला तर ज्वारीने दारं उघडून दिली आहेत. कॅन्सस हे अमेरिकेतलं ज्वारीचं पहिल्या क्रमांकाचं राज्य, इथे तिला मायलो म्हणतात आणि ती जनावरांच्या खाद्याला जाते. घरी आम्ही याच धान्याची भाकरी खातो म्हटल्यावर इथला म्हातारा शेतकरी थांबून ऐकतो.

नकार आला तर आभार मानून निघा. अनेक शेतं आधीच शिकारी टोळ्यांना भाड्याने दिलेली असतात, त्यात तुमचा अपमान नाही. होकार आला तर लेखी घ्या, आणि कुठे गाडी लावायची, कुठली फाटकं बंद ठेवायची, गुरं कुठे आहेत ते विचारून घ्या. खांबांवर किंवा झाडांवर जांभळा रंग मारलेला दिसला, तर तिथे लेखी परवानगीशिवाय शिकार करता येत नाही. उभ्या मायलोतून किंवा सोयाबीनमधून चालत जाणं ही तर सरळ नुकसान करण्याची गोष्ट, हे शेतकऱ्याच्या घरातून आलेल्याला सांगायला नको.

सप्टेंबरातलं हरीण

नोव्हेंबरातला नर माद्यांमागे वेडा होऊन दिवसाही भटकतो. सप्टेंबरातला नर तसा नाही. त्याला खायचं आहे, पाणी प्यायचं आहे आणि उन्हात सावलीला पडायचं आहे. शिंगांवरची मखमल याच सुमाराला गळते, नर अजून तीन-चारांच्या टोळीत असतात, आणि त्यांचा दिनक्रम ठरलेला असतो. हाच या सीझनचा मोठा फायदा. काल ज्या कोपऱ्यातून बाहेर आला, आजही बहुधा तिथूनच येईल, मात्र त्याला कुणी दचकवलं नसलं तर.

खाण्याचं ठिकाण ओळखा. हिरवं सोयाबीन असेल तर तेच. पण पान पिवळं पडायला लागलं की हरणं दोन-तीन दिवसांत ते शेत सोडतात, आणि हे नेमकं सीझनच्या मध्यात घडतं. तेव्हा उशिरा पेरलेलं, अजून हिरवं असलेलं सोयाबीन शोधा, किंवा लसूणघासाचं शेत. कापणीनंतर फुटलेला कोवळा घास त्यांना फार आवडतो. उभा मका आणि मायलो हे खाणंही आणि लपणंही. मक्यात शिरलेलं हरीण तुमच्यासाठी नाहीसंच झालं. शेजारच्या शेतात मक्याची कापणी झाली, तर दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ चुकवू नका, आडोसा गेलेली हरणं नव्या वाटेने फिरू लागतात.

पडण्याची जागा तीन प्रकारची. ओढ्याकाठची कॉटनवुडची झाडं. शेताच्या कडेला लावलेल्या झाडांच्या रांगा, त्यांतल्या कित्येक 1930 च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर सरकारने लावून घेतलेल्या, तर काही त्याहून जुन्या काटेरी हेजच्या. आणि सीआरपीचं गवत. 1985 पासून संघीय सरकार शेतकऱ्याला भाडं देऊन काही जमीन गवताखाली ठेवायला लावतं, त्यात पुरुषभर उंच ब्लूस्टेम वाढतं. पश्चिमेकडे गोल फिरणाऱ्या पिव्हटने पाणी देतात, त्यामुळे चौकोनी शेताचे चार कोपरे कोरडे राहतात आणि गवताने भरतात. लोक त्या कोपऱ्यांकडे बघतही नाहीत. हरणं बघतात.

ऑगस्टच्या शेवटच्या दोन आठवड्यांत संध्याकाळी रस्त्यावरून दुर्बिणीने बघा. इथले रस्ते मैला-मैलावर चौकटीत आखलेले आहेत, त्यामुळे एक मैल लांबून दोन-तीन बाजूंनी तेच शेत बघता येतं. 10 पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. हरीण कुठल्या बिंदूतून बाहेर आलं, किती वाजता, वारा कुठून होता, एवढं वहीत लिहा. अंधार पडल्यावर दिव्याचा झोत टाकून बघायला जाऊ नका, तो गुन्हा ठरू शकतो. शेतात पायी शिरूच नका. शिकारीच्या संध्याकाळपर्यंत त्या शेताला तुमचा वास लागलेला नसावा.

बसायचं कुठे

मोकळ्या रानात हरीण सहाशे यार्डांवर दिसतं आणि तुमचा बार शंभरचा आहे. सगळी कसब या फरकात आहे. हरणामागे जायचं नाही, ते जिथून शंभरच्या आत जाईल तिथे आधीच जाऊन बसायचं.

एक उदाहरण घेऊ. 160 एकरांचं शेत, इथल्या भाषेत क्वार्टर. उत्तरेला ओढा आणि झाडी, हरणं तिथे पडतात. मधे सोयाबीन. पश्चिम कडेला हेजची रांग. सप्टेंबरात वारा बहुतेक दक्षिणेकडून येतो. हरणं ओढ्यातून बाहेर पडून दक्षिणेला, वाऱ्याकडे तोंड करून शेतात येणार. तुम्ही शेताच्या दक्षिण टोकाला बसलात तर तुमचा वास सरळ त्यांच्या नाकात. पश्चिमेच्या हेजला पाठ लावून बसलात तर मावळतीचं ऊन तुमच्या मागे आणि त्यांच्या डोळ्यांत, तुम्ही सावलीत, आणि वास हेजच्या कडेने उत्तरेला ओढ्याच्या पश्चिम टोकाकडे जातो. हरणं त्या टोकाच्या थोड्या पूर्वेकडून बाहेर येऊन तुमच्यापासून शंभर यार्डांच्या आत जात असतील, तर जागा उत्तम. पश्चिम टोकातूनच येत असतील, तर त्या वाऱ्याला त्या शेतात जाऊ नका. दुसरं शेत, किंवा घरी बसा. वारा चुकीचा असताना 'बघू तरी' म्हणून जाणं हे नवख्यांचं सगळ्यात महाग पडणारं वागणं आहे, कारण एकदा वास लागला की तो नर आठवडाभर अंधार पडल्याशिवाय बाहेर येत नाही.

सूर्य टेकला की वारा पडतो आणि थंड हवा उताराने ओढ्याकडे वाहू लागते. चढावर बसला असाल तर शेवटची वीस मिनिटं तुमचा वास खाली जाणार. बसण्याआधी उतार बघून ठेवा.

गवताचे गोल भारे शेतात पडलेले असतील तर त्यांना खेटून बसा, हरणांना ते सवयीचे असतात. अंतर डोळ्याने ओळखता येत नाही, सपाट रानात शंभर आणि दीडशे सारखेच वाटतात. रेंजफाइंडरने बसल्याबसल्या तीन-चार खुणा मोजा: कुंपणाचा एखादा वाकडा खांब, पिव्हटचं चाक, मायलोची कड. शंभराच्या पलीकडचं हरीण हे आजचं हरीण नाही.

पहिल्या वर्षी फक्त संध्याकाळी बसा. सकाळी अंधारात तुम्ही शेतात शिरता तेव्हा हरणं शेतातच चरत असतात आणि तुम्ही त्यांना हाकलून लावता. संध्याकाळी ती झाडीत असतात, तुम्ही चारच्या सुमाराला निवांत येऊन बसता. अडचण परतीची असते: अंधार पडला, शेत हरणांनी भरलंय, आणि तुम्हाला उठायचंय. शेतकऱ्याला किंवा सोबत्याला गाडी घेऊन शेतात यायला सांगा. ट्रकला हरणं तेवढी बिचकत नाहीत जेवढी उभ्या माणसाला.

ऑरेंज जाकीट आणि टोपी घाला. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून वाळवा, अंगाला लावू नका. गवतात चिगर (चावणारे बारीक किडे) आणि गोचिडी असतात. पूर्व कॅन्ससमधल्या लोन स्टार गोचिडीच्या चाव्याने काही लोकांना लाल मांसाची ॲलर्जी जडते, आणि मग शिकारही गेली आणि मटणही. पश्चिमेकडे रॅटलस्नेक असतात, हात घालण्याआधी बघा. पाणी भरपूर न्या, दुपारी 35 अंशांपर्यंत पारा जातो.

बार

हरीण आडवं उभं असावं किंवा किंचित पलीकडे वळलेलं. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश वर. तिथे दोन्ही फुप्फुसं असतात. समोर तोंड करून उभं असेल, चालत असेल, टोळीत दुसऱ्याला चिकटून असेल, तर थांबा. आणि मागे काय आहे ते बघा. उंचवट्यावर आकाशाला टेकून उभ्या हरणावर कधीही बार टाकू नका, गोळी पलीकडे कुठे जाईल ते दिसत नाही. सपाट वाटणाऱ्या या मुलखात पलीकडे घर, गुरं, तेलाच्या विहिरीवरचा पंप, ट्रॅक्टरवरचा माणूस, काहीही असू शकतं.

बार झाला की पांढऱ्या धुराचा ढग उठतो आणि क्षणभर काहीच दिसत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं. खाली वाकून धुराखालून बघा. हरीण कसं उडालं, कुठल्या दिशेने गेलं, शेवटी कुठे दिसलं, त्या जागेमागची एखादी खूण मनात पक्की करा. मग उठण्याआधी पुन्हा भरा. अर्धा तास बसून राहा. पोटात लागल्याची शंका असेल तर कितीतरी जास्त, उन्हाळा असला तरी.

रक्त शोधताना मायलो फसवतो. त्याच्या पानांवर रोगाचे तांबडे-जांभळे ठिपके असतात, ते हुबेहूब वाळल्या रक्तासारखे दिसतात. ओल्या टिश्यूने पुसून बघा, रक्त उतरतं, ठिपका उतरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली ठेवा, रक्तावर पडली की फेस येतो. प्रत्येक खुणेवर टिश्यूचा तुकडा लावत चला, मागे वळून पाहिलं की दिशा कळते. माग शेजारच्या हद्दीत गेला तर आधी त्या मालकाला फोन करा.

मांस

हरीण हलवण्याआधी त्याला परमिटचा टॅग लावायचा, हा नियम. मग वेळेशी शर्यत. नोव्हेंबरात रात्रभर टांगून ठेवता येतं, सप्टेंबरात रात्रीही 20 अंशांच्या आसपास असू शकतं. जागेवरच पोट साफ करा, छातीच्या पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरा, घरी नेऊन लगेच कातडं काढा आणि तुकडे करून मोठ्या कूलरमध्ये बर्फावर ठेवा, वितळलेलं पाणी काढत राहा. परमिट मादीचं असेल तर लिंग ओळखता येईल अशी खूण मांसासोबत ठेवण्याबद्दलचा नियम वाचून घ्या. गावोगावी मांस कापून देणारे लॉकर असतात, पण सगळेच सप्टेंबरात हरीण घेत नाहीत. सीझनआधी फोन करून विचारा. दोन मोठे कूलर आणि वीस-पंचवीस किलो बर्फ गाडीत नसेल, तर बंदूकही घरीच ठेवा.

कॅन्ससमध्ये हरणांना होणारा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे. इथल्या जंगली हरणात तो 2005 साली पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. तपासणी करून घ्या, निकाल येईपर्यंत मांस नाव घालून फ्रीझरमध्ये ठेवा. हातमोजे वापरा, मेंदू आणि मणका कापू नका, आणि डोकं-कणा दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन टाकू नका.

मांसात चरबी जवळजवळ नसते. पाठीचं मांस तव्यावर पटकन, पायाचं कुकरला. मालवणी मसाला त्याला चांगला मानवतो, फक्त तेल बोकडाच्या मटणापेक्षा सढळ हाताने घाला.

त्याच रात्री

कितीही दमला असाल तरी बंदूक त्याच रात्री धुवायची. जळलेल्या दारूचा थर हवेतली ओल ओढतो आणि एका रात्रीत नळीला गंज धरू शकतो. ब्रीच प्लग काढा, नळी गरम साबणाच्या पाण्याने, फडकं पांढरं निघेपर्यंत. ब्लॅकहॉर्न वापरली असेल तर पाण्याऐवजी बंदुकीचं नेहमीचं सॉल्व्हंट. पूर्ण वाळवून तेलाचा पातळ हात फिरवा. प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी पान्याने निघणार नाही. बार टाकलाच नसेल तर बार उडवून बंदूक रिकामी करू नका. आधी टोपी काढा, मग प्लग काढा, आणि गजाने दारू-गोळी मागच्या बाजूने ढकलून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी ताजी दारू भरा.